कालव्याकाठची बिनमोटारीची वाट

तुमचं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगतो, माणसांना मोटारींपासून लांब नेणं. ऐकणारा हसतो. त्याला वाटतं मी साधूबिधू असेन. मग सायकलींचं सांगावं लागतं.

डिचोलीच्या अंगानं आत शिरणारा तिळारीचा कालवा डोंगराच्या कुशीतून वळसे घेत पेडण्याकडे जातो. त्याच्या काठानं मातीची वाट आहे. पाटबंधाऱ्याच्या लोकांना पाण्यावर नजर ठेवता यावी म्हणून केलेली. वाटेच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत. दोन खांबांमधून माणूस जातो, गुरं जातात, सायकल जाते. जीप जात नाही. ह्या वाटेवरून मी पाहुण्यांच्या सायकली नेतो. सकाळी डोंगराकडून निघायचं, काजूच्या बागांमधून, सुपारी-नारळाच्या कुळागरांच्या डोक्यावरून, मध्ये एखाद्या गावात पाव-भाजी खायची आणि दुपारच्या आत पेडण्यातल्या चोपड्याला नदीकाठी उतरायचं. पुढे कुणाला मोरजीच्या समुद्रात पाय बुडवायचे असतील तर गाडी तयार असते.

संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी घाबरलोच. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. ते म्हणाले, बोलता तसं लिहा, ऱ्हस्वदीर्घ आम्ही बघतो. बघितलं असेल तर त्यांचे आभार, नसेल तर तुम्ही सांभाळून घ्या.

माझं मूळ गाव सिंधुदुर्गाच्या पार वरच्या टोकाला, घाटाच्या पायथ्याशी. नकाशावर बघितलं तर बोटभर अंतर, पण त्या काळात एसटी बदलत बदलत डिचोलीला पोचेपर्यंत दिवस मावळायचा आणि परत जायचं ते जत्रेलाच. इथं बाबनीकाकांच्या सायकलच्या दुकानात मला काम मिळालं. काकांनी पंक्चर काढायला शिकवलं, काकींनी दुपारची पेज वाढली, दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली. त्या माणसांचं मी काय देणं लागतो हे इथं लिहून संपायचं नाही.

दुकान खाणीच्या रस्त्यावर होतं. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी असं समजावं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाणीच्या लाल मातीचे ट्रक एकामागून एक, मुंग्यांसारखे. झाडं लाल, कपडे लाल, पेजसुद्धा लाल. त्या ट्रकांवर अर्ध्या डिचोलीची चूल पेटायची, माझे दोघे भाऊबंद ट्रकवरच होते, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण दुकानात सायकली यायच्या त्यांचं काय करू? चाकाचा आठ झालेला, हँडल मुरगळलेलं. आणणारा दुसराच कुणीतरी असायचा. आम्ही नीट करून भिंतीला लावून ठेवायचो. काही सायकली न्यायला कुणी यायचंच नाही. काका त्या विकायचे नाहीत. ‘असू दे रे विलास, येयत कोणतरी,’ म्हणायचे.

खाणी बंद झाल्या, गिऱ्हाईक आटलं, काकाही थकले. मी सामान बांधून गावी जायच्या बेतात होतो. तेवढ्यात पेडण्याच्या रेखाताई दुकानात आल्या. त्यांना पाहुण्यांसाठी सायकलच्या सहली काढायच्या होत्या आणि सायकली नीट ठेवणारा माणूस हवा होता. मी म्हटलं, ‘ताई, ठेवीन. पण रस्त्यावरून नेणार असाल तर मला जमणार नाही.’ नोकरी मागणाऱ्यानं असं बोलावं का! ताई म्हणाल्या, ‘मी कालव्यावरूनच नेणार आहे. तूच चल.’

असं ते झालं.

आता धंद्यातली गोष्ट थोडी सांगतो. पाणी चढ चढत नाही. म्हणून कालवा डोंगराला वळसे घालतो पण उंची सोडत नाही, आणि कालवा चढत नाही म्हणून त्याची वाटही चढत नाही. ज्यांना वाटतं आपल्याच्यानं सायकल होणार नाही, ते लोक इथं सुखानं जातात. आपल्याकडे जांभ्याची माती, वर बारीक खडी. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की चाक जमीन धरून चालतं. ब्रेक मी निघण्याआधी तपासतो, पहिल्या थांब्यावर तपासतो आणि पाहुणे चहा पीत असले की उगाच तपासतो. बायको म्हणते, ‘तुमच्या पोटातच एक चाक बसवलंय देवानं, झोपेत पण फिरतं.’ खरं आहे. घाबरट स्वभाव घेऊन मी जन्मलो, पण ह्या कामाला तोच लागतो. पुढे चालणाऱ्याचं काम सोपं, वाट तर कालवाच दाखवतो. मी शेवटी असतो. मागे कुणी राहू नये हे खरं काम.

पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे. एकानं विचारलं होतं, कालव्यात मगर सोडली आहे का. एक बाई काजूची बोंडं तुडवताना बघून इतक्या रमल्या की स्वतःच चप्पल काढून कोलंब्यात, म्हणजे बोंडं तुडवायच्या खळग्यात, उतरल्या आणि पुढची सगळी वाट चिकट पायांनी सायकल चालवत आल्या. त्यांच्यामागून मधमाश्या आणि मधमाश्यांमागून मी. अशा गोष्टी खूप. पण मला जिचा अभिमान आहे ती एकच सांगायची ठरवली आहे. विमलबाईंची.

विमलबाई आणि भाऊसाहेब, नाशिककडचं जोडपं. द्राक्षांचे बागायतदार. बाई शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त. आदल्या संध्याकाळी सायकली द्यायला गेलो तेव्हा भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

‘विलासभाऊ, आमच्याकडे पण कालवा आहे बरं का. दोन्ही बाजूंना द्राक्षं आणि मधून ही सायकलवर शाळेला जायची. सगळं आयुष्य. एकदा काहीतरी आणायला हायवेला गेली आणि टेम्पोनं उडवली. पाय सांधला, पण ती पुन्हा सायकलवर बसली नाही. मोटारीचा आवाज मागून आला तरी रस्त्याच्या कडेला थिजून उभी राहते. तिकडे आता कालव्यावरून पण ट्रॅक्टर जातात. इथं म्हणे एकही गाडी नसते?’

मी म्हटलं, ‘एकही भेटणार नाही. माझा शब्द.’

बोलून गेलो आणि उजाडायच्या आत जाऊन वाटेच्या तोंडाचे लोखंडी खांब हलवून बघून आलो.

सकाळी सहा जण होते. हे दोघं, दोन बहिणी, एक गप्प राहणारे डॉक्टर, आणि पुण्याचा एक तरुण मुलगा ज्याच्या हँडलवर अंतर, वेग, नाडी, सगळं मोजणारं यंत्र होतं. विमलबाईंनी सायकल हातात धरली आणि चालायला लागल्या. बसल्या नाहीत. मीही उतरून चाललो. खांब ओलांडले. डावीकडे भरून वाहणारं पाणी, उजवीकडे खाली माडांचे शेंडे. बाई मागे वळून बघायच्या, ऐकायच्या, पुन्हा चालायच्या. समोरून एक म्हैस आली, तिनं आम्हाला वाट दिली. मग बराच वेळ कुणीच आलं नाही.

एका वळणावर बाई थांबल्या. ‘विलासभाऊ, जरा धरता का मागून?’

मी सीट धरली. त्या बसल्या. मी पळत होतो, एका हातानं त्यांची सायकल धरून, दुसऱ्या हातानं माझी ओढत. पुढून भाऊसाहेब ओरडले, ‘जमतंय की!’ तर बाई म्हणाल्या, ‘तुम्ही पुढे बघा, पाण्यात जाल!’ पण मी हात काढला की त्यांना कळायचं. लगेच पाय टेकायच्या. असं धरत सोडत, खरं म्हणजे धरतच, आम्ही बरीच वाट काटली. त्यांच्या हातांना घाम होता, मला तर सर्वांगाला.

आणि पेडण्याच्या हद्दीतल्या एका गावाशी आलो तर वाटेवर आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलेलं. पलीकडे सात-आठ माणसं, नवीन पंचे नेसलेली. गावाचं नाव लिहीत नाही, देवाच्या गोष्टी त्या गावाच्या आहेत.

‘थांब रे, थांब! चाक थांबय!’ त्यांच्यातले म्हातारे पुढे आले. गावचे मानकरी, सगळे त्यांना आबा म्हणतात. ‘आज गावची राखण आसा. शिमेच्या आत चाक फिराक देवचंव नाय.’

राखण म्हणजे गावाची वेस सांभाळणाऱ्या देवाला वर्षातून एकदा द्यायचा मान. आमच्या मुलखातही असते. पण ह्या गावाची रीत अशी की त्या दिवशी सकाळपासून राखण होईपर्यंत गावाच्या शिमेत, म्हणजे हद्दीत, एकही चाक फिरत नाही. बैलगाडी नाही, मोटारसायकल नाही, हातगाडीसुद्धा नाही. दिवस कॅलेंडरात नसतो. देवाला कौल लावतात, देव सांगेल तो दिवस.

‘आबा, मला माहीत असतं तर आजची तारीखच घेतली नसती.’

‘तुका खयसून म्हायत आसतला? देवान कालच कौल दिल्यान.’

‘राखण कधी होईल?’

‘वयल्या शिमेर जातलंव, मगे होतली. देवाक काय घड्याळ आसा?’

मी रेखाताईंना फोन लावला. त्या चोपड्याला गाडीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, ‘परत फिरू नकोस, ऊन चढलंय, पाणी पुरायचं नाही. खाली पाणंदीनं उतर आणि हायवेला लाग. थोडंसंच अंतर आहे. मी गाडी पाठवते, दिवे लावून तुमच्या मागून चालेल.’

ताईंचं काही चुकलं नव्हतं. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी तेच केलं असतं. पण विमलबाई शेजारीच उभ्या होत्या आणि हायवे हा शब्द त्यांनी ऐकला होता. त्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि दोन पावलं मागे सरकल्या. त्यांचा चेहरा बघून मला कळलं, आज ही बाई हायवेला पोचली तर पुन्हा जन्मात सायकलला हात लावणार नाही.

मी म्हटलं, ‘ताई, मी त्यांना हायवेवरून नेणार नाही. पाहिजे तर उद्यापासून दुसरा माणूस बघा.’

ज्या बाईनं मला परक्या मुलखात उभं केलं तिला मी असं बोललो.

‘मग काय करणार आहेस?’ ताई म्हणाल्या.

‘अजून माहीत नाही.’

‘बरं. तू आणशील त्यांना,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी आबांकडे वळलो. ‘आबा, चाक फिरलं नाही तर चालेल?’

‘म्हणजे कसा?’

‘खांद्यावर घेऊन गेलो तर?’

आबांनी मागे बघितलं. पंचेवाले एकमेकांशी कुजबुजले. एक म्हणाला, चाक ते चाक. दुसरा म्हणाला, फिरल्याशिवाय चाक कसलं, ती नुसती बांगडी. आबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘फिरूचा नाय असा म्हटलंय. उचलूचा नाय असा खय म्हटलंय? पण जमनीक टेकूक नाय हां!’

पाहुण्यांना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं पैसे परत मागतील. दोघी बहिणी टाळ्याच पिटायला लागल्या. डॉक्टरांनी सरळ सायकल खांद्यावर घेतली. पुण्याचा मुलगा मात्र यंत्राकडे बघत म्हणाला, ‘पण काका, चाक फिरलं नाही तर माझं अंतर मोजलंच जाणार नाही!’

‘मोजणारो वर बसलो हा,’ आबा म्हणाले. ‘उचल.’

भाऊसाहेबांनी सायकल उचलली आणि शंभर पावलांत घामाघूम झाले. ‘द्राक्षाचं क्रेट परवडलं!’ मी माझी एका खांद्यावर आणि विमलबाईंची दुसऱ्या खांद्यावर घेतली. पँटला चेन घासत होती, हँडल कानात जात होतं. पंचेवाले थोडा वेळ मजा बघत राहिले. मग त्यांच्यातला एक आला आणि भाऊसाहेबांच्या खांद्यावरची सायकल काढून घेतली. ‘द्या हय. चाक थांबलाहा, आमचे हात नाय थांबले.’ मग बाकीचेही आले. काजूच्या बागेतल्या बायका बोंडं गोळा करायच्या थांबून बघत होत्या. एक ओरडली, ‘गे बाये, वरात खंयची गो? न्हवरो खंय?’ पंचेवाल्यांमधून उत्तर गेलं, ‘न्हवरो ह्यो, दोन चाकांचो!’

विमलबाई लंगडत मागून येत होत्या, आणि त्यांच्या चालीनं चालणारे एकटे आबा. काय बोलत होते मला ऐकू येत नव्हतं. आबा मध्येच थांबून त्यांच्या पायाकडे बघायचे, मान हलवायचे. एकदा बाईंचा हसण्याचा आवाज आला.

वरच्या शिमेवर कालव्यावर पूल आहे. गावचा रस्ता त्यावरून बाहेर पडतो. पुलाशेजारी वडाखाली देवाचा दगड. तिथं पोचलो तर सगळा गाव जमलेला आणि गावातल्या झाडून सगळ्या गाड्या तिथं. राखण संपली की कामाला सुटायचं म्हणून लोकांनी त्या आदल्या दिवशीच शिमेवर आणून लावल्या होत्या. मोटारसायकली, स्कूटर, काजू भरलेला पिकअप, दोन रिक्षा, एक टिपर. पुलाच्या पलीकडे बाहेरून आलेल्या वेगळ्याच. त्यात पावाची टोपली सायकलला बांधलेला पाववाला, पोदेर. तो सकाळपासून उभा होता आणि पाव वाळून दगड झाले म्हणून दर थोड्या वेळानं ओरडत होता, ‘म्हजे उंडे फातर जाले रे!’

बाई त्या रांगेकडे बघून माझ्याजवळ आल्या. ‘विलासभाऊ, एकही गाडी भेटणार नाही म्हणाला होतात.’

मी म्हटलं, ‘भेटल्या बाई. पण थांबलेल्या.’

राखण झाली. जाड भाकरीचा रोट ठेवला, नारळ ठेवला आणि आबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. देवापुढे मोठ्यानं सगळ्यांसाठी मागायचं आणि जमलेल्यांनी होकार द्यायचा, अशी आमच्याकडची पद्धत.

‘बा देवा म्हाराजा, शिमेच्या राखणदारा! गावान तुका जी काय राखण दिली हा ती मानून घे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आज परमुलखातले पावणे चाकां खांद्यार घेवन तुझ्या शिमेतसून चलत इले. तेंका तुझी रीत म्हायत नव्हती. तेंची चुकभूल पोटात घाल म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘ह्या मास्तरणीच्या पायाक जा काय झाला, ता परतून होवाक देव नको. तिच्या वाटेर जी काय गाडी येयत, ती बाजूक कर म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळ्यात मोठा आवाज पलीकडून पोदेराचा आला.

बाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. भाऊसाहेब कालव्याकडे तोंड करून.

राखण झाल्यावर गावातलं पहिलं चाक मानकऱ्याच्या घरचं फिरतं. पूर्वी बैलगाडीचं, आता मोटारसायकलीचं. ते फिरल्याशिवाय दुसरं कुणी हलत नाही. आबांच्या घरची मोटारसायकल पुढे आली तशी आबांनी तिला थांबवलं. माझ्या खांद्यावरची बाईंची सायकल स्वतः उतरवून पुलाच्या तोंडाशी जमिनीवर टेकवली आणि म्हणाले, ‘आज पयला चाक मास्तरणीचा.’

बाईंना अर्थ कळायला वेळ लागला. पूल ओलांडायचा, उजवीकडे वळून पुन्हा कालव्याच्या वाटेला लागायचं. एवढंच अंतर. दोन्ही बाजूंना गाड्या, आणि बाई हलल्याशिवाय एकाही गाडीला हलता येणार नव्हतं.

मी सवयीनं पुढे झालो, सीट धरायला. आबांनी माझं मनगट पकडलं. ‘तू नको. दोन माणसांचा चाक नाय चलत.’

बाई बसल्या. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. पुन्हा उतरल्या. टिपरच्या पुढच्या चाकाकडे बघितलं, ते त्यांच्या कमरेपर्यंत येत होतं. पुन्हा बसल्या. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मी इतक्या वर्षांत देवाकडे जे काही मागितलं असेल ते सगळं परत देतो म्हटलं, एवढं एक चाक फिरू दे.

पुलाच्या पलीकडून पोदेर पावांची काळजी सोडून म्हणाला, ‘बाये, सावकास. उंडे थंड जाले जाल्यार जावंदी.’

बाई हसल्या. आणि हसता हसता त्यांचा जमिनीवरचा पाय उचलला गेला.

सायकल एकदा डगमगली. माझा हात आपोआप पुढे गेला, आबांनी सोडला नाही. मग हँडल सरळ झालं. रिक्षा मागे पडल्या, पिकअप मागे पडला, टिपरशेजारून त्या गेल्या तेव्हा ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढली होती. पूल संपला. त्यांनी उजवीकडे वळण घेतलं आणि वळताना, कशासाठी कोण जाणे, घंटी वाजवली.

आबांनी एका हातानं मला धरलं होतं आणि दुसरा हात गाड्यांच्या समोर वर केला होता. बाई कालव्याच्या वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. घंटी पुन्हा एकदा ऐकू आली, लांबून. मग हात खाली आला, आणि पहिली मोटारसायकल सुरू झाली.